एकोणीस सेकंद

आमच्या धंद्यात दोघांचं तंतोतंत एकमत झालं की आधी संशय घ्यायचा. बाहेरच्या जगात दोन साक्षीदार जुळले की लोकांना बरं वाटतं. वेधशाळेत दोन निरीक्षकांचे आकडे सेकंदाला सेकंद जुळले की साहेब चष्मा काढून दोघांच्या तोंडाकडे बघायचे. कारण एकाच घटनेकडे बघणारे दोन प्रामाणिक डोळे एकदोन सेकंद तरी पुढेमागे होतातच. कुणाचा हात जड असतो, कुणाची नजर उतावळी. तो फरक आम्ही लपवत नसू, उलट वहीत जपून लिहीत असू. हे सगळं मला पाठ होतं. आणि तरी मी जे केलं ते केलं, म्हणून तर त्याची लाज अजून जिरत नाही.

मी जगदेव. रिसोडजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. गणित बरं होतं म्हणून शिकलो आणि दूरच्या शहरातल्या एका जुन्या विद्यापीठाच्या वेधशाळेत साहाय्यक निरीक्षक म्हणून लागलो. तिथे पहिल्या वर्षी मी ‘मले’ म्हटलं तेव्हा दोघेजण हसले. दुसऱ्या वर्षी मी ‘मला’ म्हणायला शिकलो आणि तिसऱ्या वर्षी, गावाकडचं कुणी शहरात भेटायला आलं तर त्यांना वेधशाळेच्या फाटकाबाहेरच गाठायला शिकलो. थोडक्यात, खोटं मला नवीन नव्हतं.

आमचे संचालक म्हणजे साहेब. चाळीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावून त्यांची मान जराशी डावीकडे झुकली होती. रागीट नव्हते, पण आकड्यांच्या बाबतीत कडक सोवळं. वहीत लिहिलेलं खोडरबराने पुसायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा लिहायचा. ते म्हणत, चूक ही निरीक्षणाचाच भाग आहे, तिला घराबाहेर काढू नका.

१९५७ साली मे महिन्याच्या सहा तारखेला सकाळी बुध ग्रह सूर्याच्या बिंबावरून जाणार होता. सूर्य उगवेल तेव्हा तो काळा ठिपका बिंबावर आलेलाच असणार, आणि आठच्या सुमाराला कडेवरून बाहेर पडणार. तो नेमका कोणत्या सेकंदाला बाहेर पडला, हे मोजायचं होतं. त्यासाठी पूर्व क्षितिज मोकळं हवं होतं. शिवाय शहरातले दिवे वाढल्यामुळे वेधशाळेला नवी जागाही शोधायची होती. साहेबांनी नकाशावर मानोरा गावाजवळच्या एका उघड्या टेकडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “जगदेव, हा तुझाच मुलूख ना?” मला हो म्हणावं लागलं.

वाशीमला उतरल्याबरोबर साहेब आधी मध्यमेश्वराच्या देवळात गेले. जुन्या ज्योतिष्यांची मध्यरेषा तिथून जायची, लंकेपासून उज्जैनपर्यंत. साहेबांनी हात जोडले ते देवाला की रेषेला, हे लखीरामला आणि मला शेवटपर्यंत कळलं नाही. लखीराम म्हणजे आमचा घड्याळवाला. वेधशाळेतली सगळी घड्याळं त्याच्या ताब्यात, आणि निरीक्षणाच्या वेळी सेकंद मोठ्याने मोजणं हे त्याचं काम. साठपर्यंत असा एकसुरात मोजायचा की ऐकणाऱ्याला झोप यावी, पण चुकायचा नाही.

जवळच्या पोहरादेवीच्या रामनवमीच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही टेकडीवर तंबू ठोकले. पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा होता. तांड्याचे नाईक दौलतसिंग यांनी पाण्यासाठी आणि राखणीसाठी एक माणूस दिला, सोमला. पस्तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी साहेबांनी माझी ओळख करून दिली, “हा तुमच्या रिसोडकडचा.” सोमलाचा चेहरा उजळला.

“मंग तं तुमी आपलेच झाले, जगदेवभाऊ,” तो म्हणाला.

मी नुसती मान हलवली. साहेबांसमोर मला कुणाचा ‘आपला’ व्हायचं नव्हतं.

आमच्याकडे दोन चांगल्या दुर्बिणी होत्या, एक साहेबांची, एक माझी. तिसरी लहान होती. तिच्यातून सूर्याचं बिंब मागच्या पांढऱ्या कागदावर पाडायचं, म्हणजे लोकांना बघता यावं. सोमलाला ती हाताळायला फार आवडायची. सूर्य सरकला की बिंब कागदावरून सरकतं, ते पुन्हा मधोमध आणणं दोन दिवसांत शिकला. एके सकाळी तो कागदाकडे बघून म्हणाला, “साहेब, कालचे डाग तीन व्हते. आज चौथा आला, बारीक.” साहेबांनी वाकून पाहिलं. त्यांना दिसला नाही. मी पाहिलं. होता.

“याची नजर बघ,” साहेब मला म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की ही टेकडी पसंत पडली तर वर्षभर इथल्या आभाळाची नोंद ठेवायला कायमचा माणूस लागेल, आणि तो सोमला असेल. लिहिता येत नसलं तरी चालेल. रोज ठरल्या वेळी वर बघायचं, आभाळ मोकळं की झाकलेलं, कागदावर खूण करायची. “मला फक्त दिसलं तेवढंच सांगणारा माणूस पाहिजे,” साहेब म्हणाले.

ही बातमी सोमलाची बायको रामीबाई हिच्यापर्यंत संध्याकाळच्या आत पोचली. तांड्यातली निम्मी घरं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडायची ती होळीलाच परतायची. दुसऱ्या दिवशी रामीबाई ताकाची लोटी घेऊन टेकडीवर आली आणि थेट मला विचारलं, “भाऊ, पक्कं हाये ना? मी औंदा घराले कुलूप नाई लावत मंग. पोरीले मानोऱ्याच्या शाळेत टाकतो.”

“पक्कं आहे,” मी सांगितलं.

निरीक्षणाच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला तंबूमागे बोलावलं. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते काम करत उजव्या डोळ्याने.

“उजव्याचीही मला खात्री वाटत नाही,” ते म्हणाले. “विद्यापीठाने दोन वर्षांची मुदतवाढ देऊ केली आहे. घेऊ की नको, ते उद्या ठरवणार. बुध अगदी कडेकडेने तिरका जातोय, बाहेर पडायला दहाएक मिनिटं घेईल. सूर्याच्या कडेवर त्याचा शेवटचा खळगा उरेल, तो फार हळू बुजेल. अधू डोळ्याला तो लवकर बुजल्यासारखा वाटतो. तुझ्या आणि माझ्या आकड्यात सहा सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं तर हे माझं शेवटचं निरीक्षण. तुझा डोळा चांगला आहे. मी तुझ्यावर विसंबून आहे.”

चाळीस वर्षं दुर्बिणीवर काढलेल्या माणसाने नोकरीच्या सातव्या वर्षातल्या पोराला असं सांगावं, याने मी भारावून गेलो. आणि खरं सांगायचं तर दुसराही एक विचार मनात आला. साहेब राहिले तर माझी बढती नक्की; बाहेरचा कुणी आला तर माझं काय, कोण जाणे. तो विचार मी लगेच झटकला. झटकलेला विचार कुठे जात नाही, बाजूला जाऊन बसतो.

सहा तारखेला आभाळ धुतल्यासारखं होतं. सूर्य वर आला आणि काळा, वाटोळा ठिपका बिंबाच्या कडेजवळ दिसला. तांड्यातले पंधरावीस जण वर आले होते. दौलतसिंगांनी कागदावरचा तो ठिपका बघितला आणि म्हणाले, “येवढासा तीळ पाहाले येवढ्या मोठाल्या नळ्या!” सगळे हसले, साहेबही हसले. मग साहेबांनी सगळ्यांना लांब बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं.

आमची रीत अशी: निरीक्षकाने कुणाशी बोलायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही. कानाने लखीरामचे सेकंद ऐकायचे, डोळा दुर्बिणीला, आणि खळगा बुजला की ऐकू आलेला आकडा आपल्या कागदावर लिहायचा. सोमलाला लिहिता येत नव्हतं, म्हणून साहेबांनी त्याच्या हातात एक खडा दिला आणि समोर रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. कागदावरचा ठिपका पुरता गेला की खडा डब्यात टाकायचा, लखीराम आवाज ऐकून आकडा टिपणार. आम्ही दोघांनी त्या आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही. सोमला माझ्यापासून चार हातांवर बसला होता.

आठ वाजून गेले. ठिपक्याचा नुसता एक खळगा उरला, सूर्याच्या कडेला नखाने टोचल्यासारखा. लखीरामने नवं मिनिट पुकारलं. “एक. दोन. तीन.”

तीनला माझ्या उजव्या बाजूला पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज आला. मग खुर्ची करकरली. साहेबांचं झालं होतं.

माझा खळगा जागच्या जागी होता. स्पष्ट. पाच झाले, दहा झाले. पंधरा. अजून होता. “वीस,” लखीराम म्हणाला आणि डब्यात खडा वाजला. त्यानंतरही मला दोन सेकंद तो कणभर दिसत राहिला. बावीसला गेला. मी बावीस लिहिलं.

आणि मग मी मान वर केली, जी करायची नव्हती. साहेब डोळे पुशीत माझ्याकडे बघत होते. तोंडावर असं हसू होतं की बक्षीस मिळालेल्या पोरालाच शोभावं. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय?

सूर्याच्या डागांची चित्रं काढताना रबर चालत असे, म्हणून माझ्या खिशात रबर होता. मी बावीस पुसलं आणि तीन लिहिलं.

चार लिहायचं, पाच लिहायचं! खोटं बोलायलाही अक्कल लागते, आणि ती माझ्यापाशी त्या क्षणी नव्हती. मी घाबरून ऐकलेला आकडा जसाच्या तसा उतरवला.

साहेबांनी दोन्ही कागद हातात घेतले, डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन वाचले. “तीन. तीन!” ते म्हणाले. “सहा सोड, एकाचाही फरक नाही!” एवढी वर्षं आम्हाला जे शिकवलं ते त्या सकाळी ते स्वतःच विसरले. हवं तेच ऐकायला मिळालं की शहाणा माणूसही चौकशी करत नाही.

लखीराम म्हणाला, “साहेब, खडा मात्र विसाला वाजला.”

साहेब सोमलाकडे वळले. “सोमला, तू कागदाकडेच बघत होतास?”

“त्याच्याकडंच पाहून राह्यलो होतो साहेब. होता तो. विसापर्यंत होता.”

“अरे, या एवढ्याशा दुर्बिणीत तो आमच्याही आधी जायला हवा. डुलकी लागली असेल. लागली असेल तर तसं सांग, रागावणार नाही.”

“नाई लागली साहेब. होता तो.” सोमलाने माझ्याकडे बघितलं. “जगदेवभाऊ, तुमाले दिसला ना?”

तांड्यातली माणसं आता जवळ आली होती. दौलतसिंग होते, रामीबाई होती. त्या काळी आसपास कुठे शेळी हरवली तरी लोकांचं पहिलं बोट तांड्याकडे वळायचं. तिथल्या माणसाला चारचौघांत खोटा म्हणणं म्हणजे काय, हे साहेबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी त्याच मुलखातला.

“नाही,” मी म्हणालो. “तेव्हा तो गेलेला होता.”

अगदी शुद्ध मराठीत म्हणालो.

साहेब वाईट वाटल्यासारखं हसले आणि म्हणाले, “नसलेलं दिसू लागलं तर आभाळाची नोंद कशी व्हायची रे?” मागे कुणीतरी खुसखुसलं. रामीबाई ताठ उभी होती. तिने पदर ओढला आणि कुणाची वाट न बघता टेकडी उतरू लागली.

आम्ही आणखी दोन दिवस तिथे होतो. सोमलाने पाणी भरलं, पेट्या बांधल्या, तंबू उतरवले. मी त्याच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. निघताना साहेबांनी मानोऱ्याच्या रामधन नावाच्या माणसाला नोंदीच्या कामावर नेमलं. रामधनला लिहिता येत होतं, आणि त्याच्याबद्दल कुणाचीच काही तक्रार नव्हती. सोमलाला साहेबांनी आपली शाल दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

शहरात परतल्यावर साहेबांनी मुदतवाढ घेतली. रोज नव्या उत्साहाने ताऱ्यांची मोजमापं करू लागले. मी शेजारी बसून ती उतरवून घेत असे आणि ती चुकताहेत हे मला दिसत असे. आज थोडी, उद्या जास्त. मी ती सुबक अक्षरात लिहीत गेलो. माझी बढतीही झाली. घरी आईला पत्र टाकलं, तिने गावात पेढे वाटले.

डिसेंबरात इतर वेधशाळांची पत्रं आली. प्रत्येक ठिकाणच्या वेळेला जागेच्या अंतराची दुरुस्ती करून बघायची असते. ती केली की सगळे आकडे वीस आणि पंचवीस सेकंदांच्या मध्ये येत होते, सरासरी बावीस. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर आमचे सहा मेचे कागद होते.

“माझी चूक एकोणीस सेकंदांची,” ते म्हणाले. “माझं वय साठ. तुझी चूकही एकोणीस सेकंदांची. तुझं वय किती, जगदेव?”

“एकोणतीस.”

त्यांनी माझा कागद उचलला. डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याने त्या आकड्यावरून हलकेच चाचपलं. “इथे कागद पातळ झालाय,” एवढंच म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पाय धरले. म्हणालो, अहवालात माझा खरा आकडा छापा, बावीस, खाली टीप द्या.

“वहीत आहे ते छापायचं,” साहेब म्हणाले. “तू तीन लिहिलंस. तीन आणि तीन छापू, तिसरा सोमलाचा, विसाचा. वाचणारे आपल्याच धंद्यातले असतील. त्यांना काय समजायचं ते समजेल.” मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “मी तुला तपासायला सांगितलं होतं. सांभाळायला नव्हतं.”

त्याच दिवशी त्यांनी राजीनामा लिहिला. मे ते डिसेंबर, सात महिन्यांची मोजमापं बाद झाली. सहा माणसांचं काम मातीत गेलं. मला त्यांनी नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर आज हे सांगताना जरा तरी ताठ बसलो असतो. त्यांनी फक्त एक नेमणुकीचं पत्र माझ्या हातात ठेवलं, सोमलाच्या नावाचं. रामधनला त्यांनी दुसरीकडे लावून दिलं होतं. “हे तू स्वतः नेऊन दे,” ते म्हणाले. “आणि सांग.”

जानेवारीत मी तांड्यावर गेलो. दारं बंद. एका म्हातारीने सांगितलं, सोमला आणि रामीबाई रस्त्याच्या कामावर गेलेत, रिसोडच्या बाजूला. म्हणजे माझ्याच गावच्या वाटेवर.

दोघं रस्त्याच्या कडेला खडी फोडत होती. त्यांची पोरगी दगडांच्या ढिगाच्या सावलीत बसली होती. मला बघून सोमला उठला, हात झटकले, पाणी दिलं. मी इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात सांगितलं, त्या दिवशी तू खरा होतास, मी खोटं बोललो.

“मले माहीत हाये,” सोमला म्हणाला. “तुमी पुसलं तवा म्या पाह्यलं. चार हातांवर तं होतो.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“म्या बोललो असतो तं कोनाचं खरं धरलं असतं? आन् मले वाटलं, तुमी म्हाताऱ्यासाठी करून राह्यले. त्याइले दिसत नाई, हे मलेबी कळत होतं. चहा कपाच्या बाहीर ओतत होते. म्हून म्या गप राह्यलो. त्याचं काई नाई.” त्याने पायाजवळची खडी बाजूला सारली. “पन मले वाटलं, रातच्याले नाई तं सकाळी तुमी येसान. कानात येऊन सांगसान, का सोमला, तू खरा. दोन रोज वाट पाह्यली. तुमची पेटी बांधली तवाबी वाट पाह्यली.”

रामीबाई हातोडी खाली न ठेवता म्हणाली, “तांड्यात आजूक त्याले ‘वीस’ म्हंतेत. पोरंबी.”

मी पत्र पुढे केलं. सोमलाने ते घेतलं नाही.

“हे ठेवा तुमच्यापाशी. होळीले तांडा भरते, सारे येतेत. ज्याइच्यासमोर बोलले, त्याइच्यासमोर बोला. मंग द्या. असं रस्त्यावर नका देऊ.”

“येतो,” मी म्हणालो. त्याच्या हातावर हात ठेवून म्हणालो.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मीही येतो. आधी तू बोल, मग मी दोन शब्द बोलेन.” मी दोन दिवस आधी घरी जाणार होतो, ते लखीरामबरोबर शहरातून परस्पर तांड्यावर पोचणार होते. तोवर त्यांना इतकं कमी दिसू लागलं होतं की लखीराम त्यांचा हात धरून चाले.

होळीच्या आदल्या रात्री मी आमच्या घरी होतो. आईने, कस्तुराबाईने, पुरण शिजवलं होतं. काय बोलायचं ते मी तयार केलं. आधी शुद्ध भाषेत, मग आपल्या बोलीत. आपल्या बोलीत ते वाक्य फारच सोपं होत होतं: म्या पाह्यला, आन् म्या खोटं बोललो. त्यात लपायला जागाच नव्हती.

सकाळी मानोऱ्याकडची मोटर सात वाजता सुटायची. मी साडेसहालाच रिसोडच्या स्टँडवर होतो. पत्र आतल्या खिशात होतं. मोटर लागली. आमच्या गावचे तिघेजण आत चढले, त्यांतल्या एकाने खिडकीतून विचारलं, “काय जगदेवराव, आज कुठं?” मी म्हणालो, “कुठं नाही, असाच आलो.” एवढं बोलून गेल्यावर त्याच्यासमोर चढायचं कसं? आणि चढलो तर तो पुढे विचारणार, कुठं, कशाला. तांड्यावरचे पंधरावीस चेहरे डोळ्यांपुढे आले, रामीबाईचा सगळ्यांत आधी. लाजेनेच मला स्टँडपर्यंत आणलं होतं आणि लाजेनेच माझे पाय धरून ठेवले. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मोटर सुटली. ती वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

घरी आलो तेव्हा आई म्हणाली, “काहून परत आला रे?”

“मोटर हुकली,” मी म्हणालो.

“सणाच्या दिवशी बरं झालं,” ती म्हणाली आणि मला पोळी वाढली. मी जेवलो. तूप घालून जेवलो.

सुटी संपवून वेधशाळेत गेलो तेव्हा लखीराम घड्याळांना चावी देत होता. त्याने हातातलं काम थांबवलं नाही. विचारलं नाही तरी त्याने सांगितलं.

तांडा भरला होता. बायामाणसं फेर धरून लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणत होती, ती साहेबांसाठी थांबली. दौलतसिंगांनी बाज टाकून दिली. साहेबांना चेहरे ओळखू येत नव्हते, म्हणून ते लखीरामला सारखं विचारत होते, जगदेव कुठे उभा आहे? लखीराम म्हणाला, अजून आला नाही. साहेब म्हणाले, थांबू, आधी त्याला बोलू द्या. सगळे थांबले. डफ बाजूला ठेवून दुपारपर्यंत थांबले. पोरं कंटाळली. रामीबाई दोनदा वाटेपर्यंत जाऊन बघून आली.

मग साहेब लखीरामचा हात धरून उठले आणि म्हणाले, माझ्या डोळ्यांनी मला फसवलं, सोमलाने कुणाला फसवलं नाही, तो एकटा खरा होता. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पत्र माझ्या खिशात असल्यामुळे नेमणूक त्यांनी तोंडीच सांगितली. सोमला हो म्हणाला. दौलतसिंगांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“कुणीतरी तुमचं विचारलं,” लखीराम म्हणाला. “तो दुसरा साहेब कुठं हाये म्हणून. कुणी काही बोलायच्या आत सोमलाच म्हणाला, येनार होते ते. कबूल केलं होतं मले. मोटर हुकली असंन.”

लखीरामने चावी काढून घेतली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“हुकली होती का?”

“हो,” मी म्हणालो.